हरले म्हण

१

सलगम कोरणं म्हणजे दगडातून वाटी काढणं. सोरकाचा एक चमचा वाकला, दुसराही वाकला. बोटाची साल निघाल्यावर तिने बार्टलीकडून त्याचा जुना, जाड पात्याचा चाकू मागून घेतला. बार्टलीने तो दिला, पण देताना दुकानाच्या दारात टांगलेल्या केशरी प्लास्टिकच्या भोपळ्याकडे मान उडवली.

"बटण दाबलं की हसतो. बोट कापत नाही. पोरं खूश, मी खूश."

"भोपळा आपला नाही, बार्टली. आपल्याकडे दिवा सलगमातच लावायचे."

"सलगम आम्ही मेंढ्यांना घालायचो, पोरी."

"अहो, तिला बोलू नका," गल्ल्यामागून बार्टलीची बायको आट्राक्टा म्हणाली. "कॅनडात जाऊन पोरगी आपल्याला आयर्लंड शिकवायला आलीय. फुकट शिकवतेय, शिकून घ्या."

सोरकाने दात आवळले. उन्हाळ्यात रिनाबानला परत आल्यापासून ती हेच ऐकत होती. गावची हॅलोविन म्हणजे आता काय, तर चर्चमागच्या मैदानात गाड्या उभ्या करायच्या, डिक्क्या उघडायच्या आणि त्यातून पोरांना गोळ्या वाटायच्या. डिक्कीतून. ज्या गावात ऑक्टोबरच्या शेवटच्या संध्याकाळी एकही दार बंद नसायचं, त्या गावात आता कुणी कुणाच्या उंबऱ्यालाही पाय लावत नव्हतं. तिने सभेत उभं राहून हे सांगितलं होतं. सभेने टाळ्या वाजवल्या होत्या आणि डिक्क्यांची यादी करायला घेतली होती.

जुन्या चालीप्रमाणे तोंड झाकून घरोघर जाणाऱ्या तिच्या मुक्या सोंगांना मिळाले तिघेच. बार्टली आला, कारण आट्राक्टा आली. आट्राक्टा आली, कारण लोकांची घरं आतून बघायला मिळणार होती. आणि पोस्टमन कोलीन आला, कारण त्याला नाही म्हणता येत नसे.

"पुन्हा एकदा नियम सांगते," सोरका म्हणाली. "चेहरा झाकलेला. तोंडातून शब्द नाही. घरधनी ओळखेल, नाव घेईल, तेव्हाच चेहरा उघडायचा. मग चहा. ओळखता आलं नाही तर घरधन्याने हरलो म्हणायचं. तो म्हणत नाही तोवर सोंगाने घर सोडायचं नाही."

"आणि तो म्हणालाच नाही तर?" कोलीनने विचारलं.

"चहा निवतो रे, म्हणतातच," बार्टली म्हणाला.

"वाटेत दुसरं कुणी सोंग येऊन मिळालं तर त्याला तू कोण असं विचारायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं. ज्याने तोंड झाकलं, तो त्या रात्री कुठल्याच घरचा नाही." हे वाक्य सोरकाला फार आवडायचं. म्हातारा फेस्टी तिला हे सांगत असताना तिच्या अंगावर काटा आला होता. ना मालक, ना नोकर, ना शेत कुणाचं, ना भांडण कुणाचं. एक रात्र सगळं गाव सारखं.

"म्हणजे मी त्या रात्री हिचा नवरा नाही?" बार्टलीने विचारलं.

"दरवर्षी करू या हो हे," आट्राक्टा म्हणाली.

२

खरं कारण सोरकाने कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं कारण तिच्या स्वयंपाकघरात बसलेलं होतं.

फेब्रुवारीत बाबा गेल्यापासून तिची आई, डिम्पना, बोलेनाशी झाली होती. मुकी नव्हती. हो म्हणायची, नाही म्हणायची, बटाटे संपले म्हणायची. पण कुणाकडे जात नव्हती, कुणाला घरात घेत नव्हती. चुलीजवळ दोन खुर्च्या होत्या. एकीत ती बसायची आणि दुसरीकडे बघायची. संध्याकाळभर. सोरकाने एकदा ती खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली. सकाळी ती परत जागेवर होती आणि आईची कंबर धरली होती.

याच बाईला एके काळी पंचक्रोशीतली सोंगं घाबरत. नुसत्या खोकल्यावरून, बुटांच्या नाड्यांवरून, दारात उभं राहायच्या ढबीवरून ती माणूस ओळखायची, आणि ओळखताना त्याची अशी सालटी काढायची की घर हसून लोळायचं. सोरकाचा हिशेब सरळ होता. दारात सोंग आलं की घरधनिणीला बोलावंच लागतं. ओळखावं लागतं, नावं घ्यावी लागतात. डॉक्टरच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते तोंडावर बांधलेल्या पडद्याच्या चार तुकड्यांनी होईल.

"आई, शनिवारी आम्ही आपल्याकडेही येऊ."

"इथे नको."

"का पण?"

"चहा संपलाय."

सोरकाने डबा उघडून दाखवला. काठोकाठ भरलेला.

"इथे नको, सोरका," आई पुन्हा म्हणाली. दुसऱ्या खुर्चीकडे बघतच म्हणाली. "यंदा खुर्ची रिकामी आहे."

सोरका काय ते समजली. म्हणजे तिला समजलं असं वाटलं. तिने डबा आदळून बंद केला आणि मनात म्हणाली, म्हणून तर येणार.

३

शनिवारी अंधार पडताच ते निघाले. बार्टलीने चालत यायला साफ नकार दिला, त्यामुळे शतकानुशतकांची परंपरा त्याच्या नव्या गाडीत बसून निघाली. कोलीनने अंगावर गोणपाट चढवलं होतं, पण खालून पोस्टाचं चमकणारं जाकीट दिसत होतं. आट्राक्टाने गावात एकटीकडेच असलेले लाल बूट घातले होते. सोरकाने तिला घरी पाठवायचं ठरवलं आणि मग नाद सोडला. चौघांच्या तोंडावर जुन्या पडद्याची पांढरी जाळी, मागे गाठ मारलेली.

पहिलं घर फेस्टीचं. तो वाटच बघत होता. टेबलावर मनुका घातलेला गोड पाव कापून ठेवला होता, कुत्रं पायाशी होतं.

"लाल बूट म्हणजे आट्राक्टा. तिच्यामागे पोट म्हणजे बार्टली. माझं कुत्रं पोस्टमनशिवाय कुणावर भुंकत नाही, तेव्हा कोलीन, बस. आणि ही डिम्पनाची पोर. इतकं ताठ उभं राहायला पदवी लागते."

चौघांनी जाळ्या वर केल्या. तोंडाजवळ त्या ओल्याचिंब झाल्या होत्या. फेस्टी खिदळत किटलीकडे वळला आणि थांबला.

"आणि मागचं?"

सोरकाने वळून पाहिलं. दाराच्या आत, दिव्याचा उजेड जिथे संपत होता तिथे, पाचवं सोंग उभं होतं. उंच. घोट्यापर्यंत काळपट कोट. चेहऱ्यावर जाळी, त्यांच्याच सारखी.

सोरकाचा ऊर भरून आला. कुणीतरी आपणहून आलं होतं. न सांगता, न बोलावता, वाटेत मिळालं होतं, जसं पूर्वी मिळायचं. तिला त्या अनोळखी माणसाला मिठी मारावीशी वाटली.

"रिनाबानचा का रे तू?" फेस्टीने विचारलं. सोंगाने सावकाश मान हलवली. हो.

"मी ओळखतो तुला?"

हो.

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. त्याचं हसू हळूहळू ओसरलं. कुत्रं टेबलाखाली गेलं होतं आणि भुंकत नव्हतं.

"हरलो," तो म्हणाला. "हरलो बाबा. जा आता. तुम्हीही निघा, पोरांनो."

"अहो, चहा?" बार्टली म्हणाला.

"दूध नासलंय."

सोरका वैतागली. एक जण नीट खेळायला तयार नाही. पाच प्रश्नही विचारले नाहीत आणि हरलो. बाहेर पडताना मात्र एक गोष्ट तिच्या डोळ्यांत रुतून बसली. त्यांच्या चौघांच्या जाळ्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या, बाहेर फुगत होत्या. त्या पाचव्याची जाळी भिंतीवर टांगल्यासारखी होती. कोरडी. हलत नव्हती.

खळ घातली असेल, तिने स्वतःला सांगितलं. जुने लोक पडद्यांना कडक खळ घालायचे.

४

"कोण होता तो?" गाडीत बसताच बार्टलीने विचारलं.

"विचारायचं नाही," सोरका म्हणाली.

"त्याला विचारायचं नाही. तुला तर विचारू ना?"

"मला वाटलं कोलीनचा मेहुणा," आट्राक्टा मागून म्हणाली.

"माझा मेहुणा माझ्या खांद्याला लागतो," कोलीन म्हणाला. "आणि तो डिक्कीतून गोळ्या वाटतोय."

तो उंच माणूस बाहेर कुठे दिसेना. बार्टलीने गाडी सुरू केली आणि गाडी टिणटिणायला लागली.

"पट्टे लावा रे मागे."

"लावलेत," दोघं म्हणाले.

टिणटिण चालूच. बार्टलीने समोरच्या पट्टीवर बोट टेकवलं. तिथे मागच्या बाकाचं चित्र होतं आणि मधली जागा लाल झाली होती.

"मधे काय ठेवलंय?"

"काही नाही. कोलीन, सरक जरा, माझ्या अंगावर येतोस."

"मी दाराला चिकटलोय, आट्राक्टा."

सोरकाने आतला दिवा लावून मागे पाहिलं. आट्राक्टा या टोकाला, कोलीन त्या टोकाला, मधे बाक रिकामा. दोघांचे खांदे मात्र आखडलेले, बाजारच्या दिवशी बसमध्ये बसावं तसे.

"नवी गाडी आणि ही तऱ्हा," बार्टली चिडून म्हणाला. "वजन समजतं म्हणे तिला. विकणाऱ्याला वजन दाखवतो आता माझं. लाव गं तो पट्टा तसाच, रिकाम्या जागेला."

आट्राक्टाने मधला पट्टा ओढून खटकन लावला. टिणटिण थांबली. खिडक्या बंद होत्या तरी गाडीला नांगरलेल्या ओल्या जमिनीचा वास येत होता.

पुढच्या दोन घरी दारातच गोळ्यांच्या पिशव्या मिळाल्या. "सोंगं? अगं, टीव्ही चालू आहे," असं एका घरातल्या बाईने सांगितलं, आणि दार लावता लावता त्यांच्या मागे पाहून म्हणाली, "बाई गं, केवढा उंच." सोरकाने वळून पाहिलं नाही. इतक्या वैतागात माणूस घाबरत नाही, असं तिला वाटत होतं.

"झालं ना आता?" बार्टली म्हणाला.

"एक घर राहिलंय," सोरका म्हणाली. "आमचं."

५

सोरकाच्या घराचं दार बुटकं होतं. बाबा जन्मभर त्या चौकटीखालून वाकून आत आले आणि तरी वर्षातून दोनदा कपाळ आपटून घेत. दार आज नुसतं लोटलेलं होतं. आईने कडी लावली नव्हती, हे पाहून सोरकाचं काळीज हललं.

चौघं आत जाऊन ओळीने उभी राहिली. आईने खुर्चीतून मान वळवली. तिने एकेकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"आट्राक्टा, ते बूट तू पुरतानाही घालणार आहेस का?"

सोरकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जाळीमागे होती म्हणून बरं.

"बार्टली, श्वास सोड. पोट आत घेऊन कुणी बारीक होत नसतं, निळं होतं. कोलीन, तुझं जाकीट विमानांना दिसेल. आणि ही माझी मुलगी. हिला इथे येऊ नको म्हटलं की ही येते, तेव्हा हिला ओळखायला नको."

जाळ्या वर झाल्या. बार्टली मोठ्याने हसला. आट्राक्टाने आईचे दोन्ही हात धरले. आई बोलत होती. महिन्यांनंतर आई पूर्ण वाक्यं बोलत होती, टोचत होती, आणि सोरकाला त्या क्षणी वाटलं, डिक्क्यांची अख्खी यादी जाळून टाकावी इतकं आपण खरं ठरलो.

मग आईने त्यांच्या मागे पाहिलं.

ते चुलीपाशी, बाबांच्या खुर्चीमागे उभं होतं. ते आत कधी आलं ते कुणी पाहिलं नव्हतं. आईने बहुधा पाहिलं होतं.

"ओळख ना, आई," सोरका म्हणाली. आवाज तिला हवा होता तितका हलका निघाला नाही.

आई उठली. तिने खुर्ची जराशी बाहेर ओढली, उशी झटकली. "बसा," ती म्हणाली.

ते बसलं. खुर्ची करकरली, बाबा बसताना करकरायची तशीच.

"ओळखल्याशिवाय बसवायचं नसतं," सोरका म्हणाली. "नाव घे, नाहीतर हरले म्हण."

"मला घाई नाही," आई म्हणाली, आणि कप घेऊन आली.

बार्टलीने टोपी हातात घेतली. "डिम्पना, उशीर झालाय. हरले म्हण म्हणजे आम्ही याला घेऊन निघतो." त्याचा आवाज दुकानातला नव्हता.

"तुम्ही निघा. तुम्हाला ओळखलंय मी."

आणि ते निघाले. सोरकाने त्यांना मनातल्या मनात भेकड म्हटलं, पण ते नियमाने वागत होते, तिच्याच नियमाने. बाहेर गाडी सुरू झाली. या वेळी टिणटिण ऐकू आली नाही.

"आई." सोरका तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. "तुला वाटतंय हे बाबा आहेत. बाबा नाहीत ते."

"मला कळत नाही का? तुझा बाबा त्या दारातून वाकून यायचा. हा वाकला नाही."

सोरकाने दाराच्या चौकटीकडे पाहिलं. मग खुर्चीत बसलेल्या उंचीकडे. मग पुन्हा चौकटीकडे.

"मग कोण आहे हा?"

"ते मी कशाला विचारू? विचारलं की जातात." आईने चहा ओतला. "सोरका, मी खुर्चीकडे बघत बसते तेव्हा तुला वाटतं मला तुझा बाबा, टाइग, दिसतो. मला काहीच दिसत नाही. तेच सोसत नाही मला. हा कुणी का असेना."

सोरका उभी राहिली. संतापाने, भीतीने, दोन्हींनी. "हे माझंही घर आहे," ती त्या सोंगाला म्हणाली. "हरले. ऐकलंस? मी हरले. जा."

त्याने तिच्याकडे मान वळवली. मग हात उचलला आणि एका बोटाने तिच्या कपाळाकडे दाखवलं. तिथे तिची जाळी होती, वर सारलेली, अजून ओली.

ज्याने तोंड झाकलं, तो त्या रात्री कुठल्याच घरचा नाही.

तिने हात पुढे करून त्याच्या चेहऱ्यावरचा पडदा धरला. ओढला नाही, फक्त कडेने उचलला. दिवा मागेच होता, स्पष्ट दिसलं. खाली जाळी होती. तिच्या खाली जाळी, तिच्या खाली जाळी.

"दुसऱ्याच्या चेहऱ्याला हात लावू नये," आई म्हणाली. "एवढी शिकलीस ना तू."

६

दुसऱ्या दिवशी सोरकाने तोंड धुतलं, जाळी चुलीत घातली आणि आपल्या घरात, आपल्या उघड्या चेहऱ्याने, मोठ्याने हरले म्हटलं. खुर्चीतलं हललं नाही. रात्र होऊन गेली होती. आता ज्या घरधनिणीकडे ते आलं होतं तिनेच म्हणायला हवं होतं.

आई मात्र सुधारली. रविवारी चर्चला जाते. आट्राक्टाशी दुकानात तासभर भांडते, सोडा-ब्रेड करते, गाणं गुणगुणते. डॉक्टरने सोरकाचं कौतुक केलं, माणसांत आणलंस म्हणाला. फेस्टी रस्त्यात दिसला की पलीकडे जातो. बार्टलीने विचारलं, "म्हणाली का गं?" सोरकाने नाही म्हणून मान हलवली. तो भोपळा खोक्यात घालत राहिला.

रोज संध्याकाळी आई दोन कप भरते, एक स्वतःचा, एक खुर्चीपुढे. तो तसाच निवतो. आणि रोज संध्याकाळी सोरका म्हणते, "आई, हरले म्हण." आई म्हणते, "उद्या बघू." इतकं शांतपणे म्हणते की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं.

परवा असंच झालं. सोरका बटाटे सोलत होती. चुलीत धग होती, आई खुर्चीत डुलकी घेत होती. सोरकाने चाकू खाली ठेवला, रोजचं वाक्य ओठांवर आणलं आणि समोर पाहिलं.

जाळी हलत होती.

फार थोडी. आत ओढली जायची, थांबायची, बाहेर यायची. तोंडाजवळ ती ओलसर झाली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते श्वास घेत होतं. सोरकाला उगाचच वाटलं, चला, माणूस आहे तर. मग तिची नजर आईवर गेली.

आईच्या छातीवरचा निळा स्वेटर स्थिर होता. सोरका बघत राहिली. स्वेटर हलला नाही. ती उठली, जवळ गेली, वाकून कान लावला. काही नाही. चुलीतला निखारा तडकला.

मग पलीकडच्या खुर्चीत जाळी आत ओढली गेली, आणि निळा स्वेटर वर आला. जाळी बाहेर आली, स्वेटर खाली गेला.

आईने डोळे उघडले. तिचे गाल गुलाबी होते.

"डोळा लागला होता वाटतं," ती म्हणाली. "काय गं, आज विचारलं नाहीस?"

सोरकाने बटाटा उचलला. त्याची उरलेली साल काढायला घेतली.

"घाई नाही," ती म्हणाली.